टेकडी जागेवर नव्हती

कवळीताईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्या बागेतल्या एका बाकाखाली पालथ्या पडल्या होत्या. नुसते पाय बाहेर. मला वाटलं, बाईंना चक्कर आली. मी गाडी तशीच कडेला सोडून धावलो, गाडीत स्टिअरिंगला घट्ट धरून बसलेली माझी शिकाऊ विद्यार्थिनी घाबरून रडायला लागली ते वेगळंच, आणि ओरडलो, "अहो, कुणीतरी पाणी आणा!"

बाकाखालून आवाज आला, "ओरडू नका हो. चार लोक जमले की डबा जागेवर राहायचा नाही."

मग त्या बाहेर आल्या. कोपरांना माती, केसांत पानं, आणि हातात अंगठ्याएवढी डबी. आत कागदाची सुरळी. तिच्यावर त्यांनी सही केली, डबी पुन्हा बाकाखाली चिकटवली आणि मला म्हणाल्या, "आता पाहिलंतच, तर शिकून घ्या."

असा मी जिओकॅशिंगच्या नादी लागलो. खेळ साधा आहे. कुणीतरी कुठेतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतो. बाकीच्यांनी मोबाइलमधला बाण बघत तिथवर जायचं, डबा हुडकायचा, सही करायची आणि होता तसा परत ठेवायचा. मिळत काहीच नाही. माझी बायको म्हणते, "म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि शेळ्याही दुसऱ्याच्या." असेल. पण पुलाच्या कठड्यामागे हात घातल्यावर बोटांना डबा लागतो ना, तेव्हा माणूस पुन्हा लहान होतो.

कवळीताई डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवतात. मेणात दात बसवायचे, प्लास्टरचा साचा ओतायचा, मग कवळी तयार झाली की घासूनपुसून चकाकवायची. गावातली निम्मी म्हातारी माणसं त्यांच्या दातांनी चावतात आणि उरलेली निम्मी त्यांच्या दातांनी भांडतात, असं त्या स्वतःच सांगतात. लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर घरात त्या, धाकटा भाऊ आणि भावजय. भाऊ मशीन चालवतो, एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कसलं मशीन, ते कुणी विचारलं नाही. संध्याकाळी दोघं भावंडं घरी येतात ती पांढरीफटक, ताईंच्या अंगावर प्लास्टरची भुकटी आणि भावाच्या अंगावर कसलीशी धूळ. भावजय दारातच दोघांना झटकते आणि म्हणते, "माझं नशीबच असलं. घरात माणसं नाहीत, दोन पीठगिरण्या आहेत."

ताईंनी लपवलेले डबे शहरभर होते, पण त्यांचा जीव होता तो टेकडीवरच्या डब्यावर. हा त्यांनी आयुष्यात लपवलेला पहिला डबा. शहराबाहेर तासाभरावर एकटी उभी असलेली टेकडी, माथ्यावर एक वाकडं झाड, झाडाच्या बुंध्याशी दगडांची रास आणि राशीत तो स्टीलचा डबा. बरीच वर्षं तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. ताईंचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून त्याही गेल्या नव्हत्या. पण विषय निघाला की डोळे मिटून वाट सांगायच्या. इथे वळण, इथे ओढा, इथे दम लागतो, इथे वारा लागतो.

म्हणून या वर्षी आमच्या टोळीने एकत्र मुक्काम करायचं ठरवलं, तेव्हा जागेचा प्रश्नच आला नाही. तीसेक माणसं, तंबू, रात्री शेकोटी, पहाटे माथ्यावर चढून सूर्योदय आणि मग सगळ्यांनी मिळून ताईंच्या पहिल्या डब्यावर सही. ताई कामाला लागल्या की त्यांच्यासमोर उभं राहायची सोय नसते. पाणी कुठून आणायचं, कोण घोरतं म्हणून त्याचा तंबू कुठे लावायचा, आडोशाचा खड्डा कुणी खणायचा, सगळं वाटून झालं. भूगोल सर, म्हणजे आमच्यातले सर्वांत वडील, शाळेतून निवृत्त झालेले, त्यांच्याकडे आकाशातले तारे दाखवायचं काम. औषध दुकानदाराकडे प्रथमोपचाराची पेटी. माझ्याकडे गाडी.

"मास्तर, आपण एकदा जागा बघून येऊ," ताई मला म्हणाल्या. "तिथलं सगळं मला पाठ आहे, पण तीस माणसांची जबाबदारी आहे. ओढ्याला पाणी आहे की नाही तेवढं बघू."

रविवारी सकाळी निघालो. माझी गाडी ड्रायव्हिंग शाळेची. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. मी चालवत होतो, ताई शेजारी. शहराबाहेर पडलो आणि रस्ता असा काही लागला की बोलायची सोय नाही. रुंद, काळाभोर, गुळगुळीत. पूर्वी इथे गाडी चालवायची म्हणजे मणके मोजत जायचं. ताई म्हणाल्या, "वा! चहाचा कप धरून बसावं, थेंब सांडायचा नाही." आम्ही दोघांनी त्या रस्त्याचं तोंड भरून कौतुक केलं.

"आता बघा," ताई म्हणाल्या. "हे वळण संपलं की एकदम समोर येते. मी कितीदा पाहिली तरी दचकते."

वळण संपलं. समोर आकाश होतं.

पुढच्या क्षणी माझं डोकं काचेवर आपटता आपटता राहिलं. ताईंनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दोन्ही पायांनी दाबला होता. मागची गाडी कर्कश हॉर्न वाजवत बाजूने निघून गेली.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "टेकडी कुठाय?"

"वळण चुकलं असेल."

"नाही चुकलं." त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. बाण सरळ समोर. "टेकडी कुठाय?"

मी गाडी हळूहळू पुढे घेतली. मला अजूनही वाटत होतं, पुढच्या झाडीमागे असेल, धुक्यात असेल. धुकं नव्हतं. स्वच्छ ऊन पडलं होतं. टेकडी म्हणजे काही किल्ली नव्हे, की कुठेतरी ठेवली आणि सापडेना. पण आम्ही दोघंही तशीच इकडेतिकडे बघत होतो. मी तर आरशातही पाहिलं, मागे राहिली की काय म्हणून.

मग पत्र्याचं कुंपण लागलं, फाटक लागलं, फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला वॉचमन लागला. त्याच्या मांडीवर जेवणाचा डबा.

"आज बंद आहे," तो म्हणाला. "खडी उद्या."

"खडी नको," ताई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "टेकडी."

वॉचमनने आमच्याकडे नीट पाहिलं. बाईंचं वय पाहिलं, माझ्या गाडीवरची पाटी पाहिली. मग उठला आणि आम्हाला कुंपणाच्या एका फटीपाशी घेऊन गेला.

पलीकडे खड्डा होता. पण खड्डा हा शब्द तिथे पुरत नाही. पायऱ्यापायऱ्यांनी खोल खोल गेलेली जागा, तळाशी हिरवं पाणी, आणि एका पायरीवर उभी असलेली पिवळी यंत्रं इथून काड्यापेटीसारखी दिसत होती. टेकडी नुसती गेली नव्हती. ती जिथे होती तिथे तिच्याएवढंच काहीतरी उलटं झालं होतं.

ताईंनी मोबाइल पाहिला. मीही पाहिला. बाण समोर दाखवत होता. डबा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होता, म्हणजे खड्ड्याच्या बरोबर मध्यावर, आणि आमच्या डोक्यांच्याही कितीतरी वर. ताईंनी हात उंच करून हवेत बोट दाखवलं. "तिथे," त्या म्हणाल्या. "तिथे आहे तो." बोटाच्या टोकापाशी एक घार गिरक्या घेत होती.

"काय हरवलंय बाई?" वॉचमनने विचारलं.

"टेकडी हो. माझी टेकडी."

"हरवायला काय, ती विकली गेली," तो म्हणाला. त्याला वाईट वाटलं असावं, कारण आपल्या परीने समजूत घालायला लागला. "पण काम बघा कसं स्वच्छ. सुरुंग लावून खाली खणायचं ते कुणीही करतं. माथा उतरवायचा म्हणजे हात पाहिजे. एक चाक घसरलं की माणूस यंत्रासकट खाली. आमच्या दादाने एकट्याने उतरवला माथा. पोकलेनवर बसला की असा चालवतो, जसं काही चमच्याने खीर काढतोय. भला माणूस. हसला की पुढचा एक दात दाखवतो सगळ्यांना. म्हणतो, ओळखा बघू खोटा कुठला. त्याच्या बहिणीने बनवून दिलाय म्हणे."

मी ताईंकडे पाहिलं नाही. माझी हिंमत झाली नाही. पत्र्याचा आवाज आला तेवढा ऐकला. त्यांनी कुंपणाला धरलं होतं आणि कुंपण थरथरत होतं.

ताईंच्या घरापाशी गाडी थांबवली. मला वाटलं, यांना एकटं घरी पाठवणं बरं नाही, म्हणून मीही वर गेलो. भावजयीने दार उघडलं. भाऊ टेबलाशी बसून इस्त्रीची वायर दुरुस्त करत होता.

ताई चप्पल न काढता त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "टेकडी तू पाडलीस?"

"कुठली टेकडी?"

"तुला किती टेकड्या पाडायच्या असतात?"

भावाने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "खाणीतली म्हणतेस? पाडली म्हणजे... कामच आहे ते माझं. तिथेच तर जातो रोज. तुला माहितेय की."

"मला माहीत नव्हतं."

"अगं, नोकरी लागली तेव्हा सगळ्यात आधी तुलाच सांगितलं. दगडखाणीत लागलो, ओढ्याच्या पुढे, म्हणून. तू 'छान झालं' म्हणालीस आणि मोबाइलमध्ये बघत बघत जिना उतरलीस. कुठलातरी डबा निघाला होता कुठेतरी."

ताईंच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की त्यांना ते आठवलं. जिना आठवला, मोबाइल आठवला. भाऊ काय बोलला ते मात्र आठवत नव्हतं.

"तिथे माझा डबा होता रे," त्या म्हणाल्या. "माझा पहिला डबा."

आता भाऊ पांढरा पडला. धूळ नसतानाही. "तो? तो तिथे होता? तू नेहमी डबा डबा म्हणायचीस. तो त्या टेकडीवर आहे, हे कधी बोलली नाहीस. मला एकदा तरी नेलंस का?" तो थांबला. मग हळूच म्हणाला, "वाकडं झाड होतं तेच ना? खाली दगडांची रास?"

ताईंनी नुसती मान हलवली.

"त्याच्याखाली बसून जेवलो होतो मी. पाडायच्या आधी. वारा छान होता." त्याने दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले आणि हातांकडेच बघत बसला. "डबा काही दिसला नाही बघ. बादली भरली की भरली. आत काय आलं ते कोण बघतो? खाली क्रशरला जातं, त्याची खडी होते." आणि मग, माणूस घाबरला की नको ते बोलतो तसा, "तुम्ही नव्या रस्त्याने गेलात ना? तीच ती."

मला चहाच्या कपाची गोष्ट आठवली.

एवढा वेळ भावजय दाराला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "वन्सं, मी इतकी वर्षं तुमच्या दोघांचे कपडे एकाच बादलीत भिजवतेय. मला वाटायचं, तुम्ही दोघं एकमेकांशी बोलता, मलाच काही सांगत नाही." तिला रडू आलं की हसू, मला कळलं नाही. मी चहा न घेताच निघालो.

टोळीला सांगणं भागच होतं. मुक्काम तोंडावर आला होता. औषध दुकानाच्या माळ्यावर, खोक्यांच्या मध्ये, आम्ही सगळे जमलो. ताईंनी उभं राहून सांगितलं की टेकडी नाही. कुणाला समजेना. "नाही म्हणजे? परवानगी नाही?" "नाही म्हणजे नाही. गेली." मी मोबाइलवर काढलेला फोटो फिरवला. फोटो ज्याच्या हातात जाई तो मोठा करून पुन्हा पाही.

भूगोल सरांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. वर्षानुवर्षं ते मुलांना सहलीला तिथेच नेत. "कोण नालायक असतात ही माणसं?" ते म्हणाले. "यांना रात्री झोप कशी लागते? कुणाच्या पोटी जन्मतात हे?"

"माझ्या आईच्या," ताई म्हणाल्या.

खाली दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, ते स्पष्ट ऐकू आलं.

"माझा धाकटा भाऊ आहे तो, सर. माथा त्यानेच उतरवला. झोप त्याला बरी लागते, दमून येतो. मी शेजारच्या खोलीत असते. मला पत्ता नव्हता."

सरांनी फोटो पुढच्याच्या हातात दिला. शेवटी दुकानदाराची बायको म्हणाली, "धरणाकाठी माझ्या मामाचं मोकळं शेत आहे. तंबू तिथे लावू. आणि ताई, भावाला घेऊन या."

"नको," दोघंतिघं एकदम म्हणाले.

"मग मीही नको," ताई म्हणाल्या, आणि विषय संपला.

भाऊ यायला तयार नव्हताच. "मला सगळे खाऊ का गिळू करतील," म्हणाला. भावजयीने त्याची पिशवी भरली आणि दारात नेऊन ठेवली. "इतकी वर्षं बहीण डबे शोधतेय. एकदा बघ तरी काय शोधते ते."

मुक्काम झाला. तंबू लागले, एक पडला, पुन्हा लागला. भात खाली लागला. भावाला खेळ जमेना. नवशिक्यांसाठी एक डबा पायवाटेवरच्या पोकळ ओंडक्यात लपवला होता, आणि हा त्याच ओंडक्यावर बसून विचारत होता, "कुठे बघू?" सगळे हसले. तोही हसला. खोटा दात कुठला ते मला ओळखता आलं नाही.

भूगोल सर मात्र त्याच्यापासून लांबच राहिले. संध्याकाळी शेकोटी पेटवताना ते अचानक त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. मी जवळच होतो. मला वाटलं, आता ठिणगी पडणार.

"वाईट नाही वाटलं?" सरांनी विचारलं. "खरं सांग."

भावाने थोडा विचार केला. "पहिल्या दिवशी वाटलं, सर. झाड मुळासकट उपटलं तेव्हा. दुसऱ्या दिवशी यंत्राचा पट्टा तुटला. मग तोच विचार."

सरांना रागावता येईना आणि माफही करता येईना. असं उत्तर त्यांनी धरलंच नव्हतं. मग ते वाकले आणि त्याच्या हातातली लाकडं घेऊन स्वतः रचायला लागले. तारे दाखवताना भावाला समोर बसवलं की नाही, ते मी पाहिलं नाही. मी माझ्या तंबूची दोरी शोधत होतो.

नंतर बरेच दिवस ताई भेटल्या नाहीत. भेटल्या त्या लॅबच्या दारात, हातात मेणाचा चाकू, आणि मला बाजूला ओढून नेलं.

"मास्तर, मी खाणीत जाऊन आले. भावाबरोबर, त्यांच्या बसने. त्याने मला वर केबिनमध्ये बसवलं."

"मग?"

"मला वाटलं होतं, रडू येईल. आधीच सांगून ठेवलं होतं त्याला, मी रडले तर यंत्र थांबव." त्या जवळ सरकल्या आणि आवाज उतरवून बोलायला लागल्या, जणू कुणाच्या घरात चोरी करून आल्या होत्या. "आत खोलवर गार असतं हो. दगडात थर आहेत, गुलाबी, राखाडी, मग एक निळसर पट्टा. आणि तो बादली अशी टेकवतो ना, की एक खडासुद्धा जास्तीचा हलत नाही. मला आवडलं ते. मास्तर, मला आवडलं!"

एवढं बोलून त्या माझ्याकडे बघत राहिल्या, घाबरल्यासारख्या, डोळे विस्फारून. कुंपणाच्या फटीतून आत पाहताना दिसले होते, त्याहूनही मोठे डोळे.

"यात घाबरण्यासारखं काय आहे?" मी म्हणालो.

"तुम्हाला नाही कळायचं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. आत कुणाची तरी कवळी साच्यात अडकून बसली होती.